कारशेडवरचं सोलर: हिशेबात लोखंडही धरा

दादा, घरच्या गाडीच्या शेडवर सोलर पॅनेल बसवायच्या हिशेबात तुम्ही 3 किलोवॅटचे रोज 15 युनिट वीज धरलेत. मुंबईत वर्षाची सरासरी 12च्या आसपास धरा, जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून बरीच कमी. बचत मात्र सरासरी दराने काढू नका. सोलरमुळे आधी वरच्या, महागड्या स्लॅबचे युनिट वाचतात. पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेची सबसिडी 3 किलोवॅटला 78,000 रुपये आहे, पण कारशेडचा खरा खर्च पॅनेल पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यात असतो. आमच्या गोराईच्या खाऱ्या हवेत दुसऱ्याच पावसाळ्यात नटबोल्ट गंजले, बॉनेटवर तांबूस ओघळ उतरले. सगळे बदलावे लागले. म्हणून कोटेशनमध्ये हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेला) सांगाडा आणि स्टेनलेस बोल्ट लिहूनच घ्या. आणि हो, शेजारच्या नारळाची सावली दुपारी कुठवर येते, तेही आधी बघा.