जेएआयआयबी ह्या बँकवाल्यांच्या परीक्षेत एएफएम (अकाउंट्सचा पेपर) दोन मार्कांनी गेलं, आता अभ्यास कसा बदलू?

खानापूरकर: नमस्कार मंडळी. रिझल्ट लागला. पीपीबी (बँकिंगची तत्त्वं) ५५, आयई अँड आयएफएस (अर्थव्यवस्था) ५२, आरबीडब्ल्यूएम (रिटेल बँकिंग) ५१ आणि एएफएम ४३. बेरीज ४०० पैकी २०१, म्हणजे ५० टक्क्यांचं अ‍ॅग्रिगेट बसतंय, पण प्रत्येक पेपरात निदान ४५ पाहिजेत तिथं दोन मार्कांनी अडकलो. इन्क्रिमेंट लांबलं ते लांबलंच, ब्रँचमध्ये जो तो विचारायलाय त्याचा जास्त त्रास होतोय. अभ्यास केला नाही असं नाही वो, खानापूर-बेळगाव बसमध्ये जाता-येता मोबाईलवर लेक्चर बघायचो, दीडपट स्पीडवर, सगळं समजतंय असं वाटायचं, आणि रात्री जेवून पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. बीएससी झालंय, दहावीपर्यंत मराठी मिडीयम, अकाउंट्सला कधी हात लावलेला नाही. काय बदलू?

तवंदीघाट: आधी एक लक्षात घ्या, ४५ ची सवलत चारी पेपर एकाच अटेंप्टात असतील तरच, आता एएफएमला सरळ ५० लागणार. मी ह्याच पेपरात दोनदा गेलोय. सरांनी सोडवलेलं गणित सरांना येतंय, आपल्याला नाही. तिसऱ्या वेळी व्हिडिओ बंद केले, २०० पानी वही घेतली, सकाळी साडेपाच ते साडेसहा उत्तर झाकून हातानं गणितं, चुकलं की लाल पेनानं बाजूला एक ओळ, का चुकलं. पंधरा दिवसांत कळलं की निम्म्या चुका बँक रिकन्सिलिएशनमध्येच, म्हणजे गिऱ्हाइकाचं कॅशबुक आणि बँकेचं पासबुक जुळवण्यात. गिऱ्हाइकानं पैसे भरले की आपल्याकडं क्रेडिट, त्याच्या कॅशबुकात मात्र बँक डेबिट. दिवसभर काऊंटरवर एक बाजू बघायची आणि पेपरात उलटी लिहायची, डोकं फिरतंय. पार्टीच्या कॅशबुकात २०,००० शिल्लक, तिनं दिलेला ५,००० चा चेक अजून आपल्याकडं वटायला आला नाही, तर पासबुकात २५,०००. रोज तुमच्यासमोर होतंय की हे!

कुंदाखाऊ: आमच्या आजोबांची निपाणीत तंबाखूची वखार होती, कीर्द-खतावणी घरातच बघितली. डेबिट-क्रेडिट मला तेव्हाच कळलं जेव्हा 'नावे' आणि 'जमा' म्हणून वाचायला लागलो. पेपर इंग्लिश नाहीतर हिंदीत येतोय हे खरं, पण डोक्यात मराठी चालवायला कोण अडवतंय? फक्त नावं इंग्लिशच ठेवा, स्क्रीनवर 'रिटन डाऊन व्हॅल्यू' दिसलं की घाबरायला नको. १ लाखाचं मशीन, १० टक्के घसारा, दोन वर्षांनी ह्या पद्धतीनं (उरलेल्या किमतीवर घसारा) ८१,००० आणि स्ट्रेट लाईननं (दरवर्षी मूळ किमतीवर) ८०,०००. बास.

शहापूरची_ताई: साडेपाचचं बायकांना सांगू नका वो भाऊ, डबे कोण करणार? मी जेवणाच्या सुट्टीत रोज तीनच गणितं करायची, ऊस बिलं जमा व्हायच्या दिवसांत तेवढीही नाहीत. पण रविवारी दोन तास दार लावून, घड्याळ समोर ठेवून पूर्ण १०० प्रश्न. पेपर १२० मिनिटांचा, एका गणितावर पाच मिनिटं बसलात की पुढचे तीन गेले समजा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकही रिकामा सोडायचा नाही. खानापूरकर, खरं सांगा, किती सोडलात?

खानापूरकर: नऊ. शेवटी अ‍ॅन्युइटीचं (ठराविक हप्त्यांचं) एक गणित धरून बसलो होतो, तेवढ्यात स्क्रीन बंद. आणि ते पण चुकलंच असणार.

शहापूरची_ताई: नऊ!! अरे देवा.

खानापूरकर: वही आणलीय आजच. बसमध्ये हलतंय म्हणून अक्षर घाण येतंय, पण चाललंय.