डीएफमधे लूप १०० टक्के भरलेले दिसतायत, उडवू का?

आधीचा अ‍ॅडमिन सोडून गेला आणि उबुंटू सर्व्हर माझ्या गळ्यात आला. काल 'डीएफ -एच' (कुठे किती जागा भरलीय ते दाखवणारी कमांड) मारलं तर पान भरून माउंट (सिस्टमला जोडलेल्या फाइलसिस्टम), त्यात /डेव्ह/लूप०, लूप१, लूप२ तिन्ही १०० टक्के, टीएमपीएफएस पाच ठिकाणी, शिवाय /वार/लिब/डॉकर/ओव्हरले२ खाली लांबलचक नावांचे चार ओव्हरले, प्रत्येकी ९८ जीबी. रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टम, तीसुद्धा ९८ जीबीच आणि ९१ टक्के भरलाय, डिस्क मात्र ५०० जीबीची घेतलेली आहे. प्रॉडक्शन आहे, हात लावायला भीती वाटते.

▸ काहीही उडवू नका. लूपवाले म्हणजे स्नॅपची (उबुंटूची सॉफ्टवेअर बसवायची पद्धत) पॅकेजेस. स्क्वॉशएफएस या दाबून लहान केलेल्या फाइलसिस्टमची रीड-ओन्ली फाइल असते, तिच्यात लिहायचंच नसतं मग मोकळी जागा कशाला ठेवतील, म्हणून कायम १०० टक्केच दिसणार. टीएमपीएफएस रॅममधे असतं, डिस्कशी संबंध नाही. डीएफला -एक्स देऊन टीएमपीएफएस, स्क्वॉशएफएस आणि ओव्हरले वगळा, मग उरतं ते खरं.

▸ ओव्हरले म्हणजे डॉकरचे चालू असलेले कंटेनर (वेगळ्या डब्यात चालणारे प्रोग्रॅम). ते रूटवरच बसलेत म्हणून रूटचाच आकडा परत परत दिसतोय, वेगळी जागा नाहीये ती. त्या फोल्डरमधे आरएम (फाइल उडवायची कमांड) तर अजिबात करू नका, मी एकदा केलं होतं, कंटेनर बंद पडले आणि सगळ्या इमेज (ज्यांवरून कंटेनर बनतात त्या) परत ओढाव्या लागल्या, अख्खी रात्र गेली. 'डॉकर सिस्टम डीएफ' बघा, जागा कशाने खाल्लीय ते कळेल.

▸ रूटच्या डिव्हाइसचं नाव काय येतंय?

▸ (प्रश्नकर्ता) /डेव्ह/मॅपर/उबुंटू--व्हीजी-उबुंटू--एलव्ही

▸ मग सापडलं! उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटून द्यायची सोय) घेतलं की २०० जीबीच्या वरच्या डिस्कवर रूटला फक्त १०० जीबी देतो, बाकी जागा व्हॉल्यूम ग्रुपमधे (एलव्हीएमच्या सामायिक साठ्यात) तशीच पडून राहते. नावातल्या जोडरेघेला घाबरू नका, मूळ नावात एक रेघ असली की डिव्हाइस मॅपर दोन करतो. 'व्हीजीएस' मारून व्हीफ्री, म्हणजे ग्रुपमधली मोकळी जागा, बघा. बॅकअप घ्या आणि रूट वाढवायला 'एलव्हीएक्स्टेंड -आर' वापरा, -आरमुळे फाइलसिस्टमही सोबत वाढते, सर्व्हर बंद करावा लागत नाही. सगळी जागा एकदम देऊ नका, स्नॅपशॉटला (एका क्षणाची प्रत ठेवायला) थोडी राहू द्या.

▸ (प्रश्नकर्ता) व्हीफ्री ३६२ जीबी निघाली! २०० वाढवली, रूट ९१ वरून ३० टक्क्यांवर आलाय, आणि चारही ओव्हरले आता २९५ जीबी दाखवतायत. खूप आभार सगळ्यांचे, मी तर नवीन डिस्कची ऑर्डर टाकणार होतो.