१२०० ग्रॅम नावडती लोकर, एक पांघरूण: रंग आणि जाडी कशी जुळवायची?

लश्करची_सुई (ग्वाल्हेर)
नमस्कार मंडळी. कपाटात १२०० ग्रॅम लोकर शिल्लक आहे आणि त्यातला एकही रंग हातात घ्यावासा वाटत नाही. ४०० ग्रॅम मातकट तपकिरी. बाकी केशरी, पोपटी, फिका जांभळा, दोन गुलाबी असे २० ते ६० ग्रॅमचे गुंडे. काही मध्यम जाडीचे, काही बाळाच्या मोज्यांचे बारीक, एक केसाळ मोहेर, एक जरीचा. दिवाणावर टाकायला ११० × १४५ सेंमीचं पांघरूण थंडीच्या आत हवंय. नवीन लोकर घ्यायची नाही. ग्रॅनी स्क्वेअर (क्रोशाने मधून बाहेर फेऱ्या घालत विणलेले चौकोन) केले तर लहान-मोठे होतात आणि रंगांचा गोंधळ उडतो. काय करू?

चारखांबी
ताई, ती तपकिरीच तुमचं पांघरूण तारेल. प्रत्येक चौकोनाची शेवटची फेरी आणि सगळी जोडणी तिचीच करा. भडक रंगांना एकसारखी चौकट मिळाली की गोंधळ वाटत नाही.

पुरेल का, ते आधी मोजा. पहिल्या फेरीत तीन-तीन खांबांचे (उंच टाक्यांचे) ४ गट, दुसरीत ८, तिसरीत १२, चौथीत १६. चार फेऱ्यांच्या चौकोनात एकूण ४० गट, म्हणजे शेवटची फेरी एकटी ४० टक्के लोकर खाते. त्या हिशोबाने तपकिरी संपून जाईल. सहा फेऱ्या केल्या तर ८४ गटांपैकी शेवटचे २४, म्हणजे २९ टक्केच. मध्यम लोकर आणि ४ मिमी सुईने असा चौकोन १६ सेंमीच्या आसपास, साधारण १६ ग्रॅमचा होतो. ७ × ९ असे ६३ लागतील: एकूण १००० ग्रॅम, त्यात तपकिरी २९० आणि जोडणीला शंभरेक. जेमतेम बसतं. म्हणून पहिला चौकोन झाला की काट्यावर तोला. १८ ग्रॅम भरला तर ७ × ८ वर थांबा.

सगळ्यात डोळ्यांत खुपणारा रंग पहिल्या फेरीत घाला. तिथे तो जेमतेम ५ टक्के लागतो आणि फुलाच्या मध्यासारखा शोभतो.

उसवाउसवी
लहान-मोठं होतं ते जाडीमुळे. पट्टीवर २.५ सेंमीत धागा शेजारी-शेजारी गुंडाळा, न ताणता, आणि वेढे मोजा. मध्यम लोकरीचे १२ आले आणि बारीकचे १७, तर बारीक दुहेरी घ्या. दुहेरी धागा दुप्पट जाड होत नाही, साधारण १.४ पटच होतो, म्हणून १७ चे १२ होतात. २४ वेढ्यांची असेल तर चार पदर लागतील. थोडा फरक उरला तर ३.५ किंवा ४.५ मिमीची सुई घ्या. पुठ्ठ्याचा १६ सेंमीचा चौकोन कापून जवळ ठेवा आणि प्रत्येक चौकोन त्यावर ठेवून बघा.

मोहेर आणि जरी बाजूला काढा. मोहेरचे टाके दिसत नाहीत, चुकलं तर उसवताना केस एकमेकांत अडकतात. (उसवावंच लागलं तर पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, थोडं सुटतं.) जरी मानेला टोचते.

लश्करची_सुई
गुंड्यांवरची लेबलं हरवलीत. खरी लोकर कुठली आणि ॲक्रिलिक कुठली?

धुणंवाळण
५ सेंमीचा तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून पेटवा. ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. खरी लोकर जळक्या केसांसारखी वासते, आपोआप विझते, राख बोटांनी चुरगळते. सुती धागा कागदासारखा जळतो. हे तपासायलाच हवं: गरम पाण्यात खरी लोकर आटते, ॲक्रिलिक नाही, आणि दोन्ही एकाच चौकोनात असले तर पहिल्या धुण्यातच तो आकसतो. खरी लोकर निघाली तर वेगळी ठेवा.

ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, टाके चपटे होतात आणि परत उठत नाहीत. चौकोन टाचण्यांनी ताणून वरून नुसती वाफ द्या. आणि थंडीत शेगडीजवळ बसायची सवय असेल तर हे पांघरूण लांब ठेवा, वितळलेलं ॲक्रिलिक अंगाला चिकटतं. उरलेल्याचे भांडी धरायचे रुमालही विणू नका.

चारखांबी
राहिलं ते धाग्यांच्या टोकांचं. दर फेरीला रंग बदलला तर एका चौकोनात १२ टोकं, ६३ चौकोनांत ७५६! पहिली आणि शेवटची तपकिरी फेरी सोडून मधल्या दोन-दोन फेऱ्या एकाच रंगाच्या करा आणि १५ सेंमी टोक ठेवून पुढच्या फेरीच्या खांबांखाली दाबत विणत जा. नुसती गाठ मारून कापू नका, ॲक्रिलिक निसरडं असतं, गाठ सुटून मधलं फूल उसवतं.

दर फेरीनंतर काम उलटवा. एकाच बाजूने विणत गेलं की चौकोन पिळवटतो. चौकोन वाटीसारखा वर उचलला तर कोपऱ्यातल्या २ साखळ्या घट्ट पडताहेत. झालर पडली तर खांब जास्त.

जोडताना उलट्या बाजूने मुका खांब (आखूड टाका) घाला, आधी सगळ्या आडव्या ओळी, मग सगळ्या उभ्या. आणि धुतल्यावर दोरीवर टाकू नका, ओल्या वजनाने लांब होईल. पंच्यावर सपाट पसरा. ग्वाल्हेरला जानेवारीत धुक्यामुळे दिवसेंदिवस ऊन नसतं, तेव्हा पहिलं धुणं दिवाळीच्या उन्हातच उरका.