कृमी असूनही सागरी मासे धडधाकट कसे?

प्रश्न (नवखा अभ्यासक): प्रकल्पासाठी समुद्रात पकडलेल्या माशांचे विच्छेदन करत आहे. एका माशाच्या त्वचेवर आणि परांवर खसखशीएवढे काळे ठिपके होते. दुसऱ्याच्या कल्ल्यांना काही मिलिमीटर लांबीचे, पानासारखे चपटे जीव असे चिकटले होते की चिमट्याने ओढूनही सुटेनात. तरीही दोन्ही मासे अंगाने भरलेले होते. पिंजऱ्यांतील मत्स्यशेतीत असेच कृमी माशांचा फडशा पाडतात असे वाचले आहे. मग मोकळ्या समुद्रातले मासे वाचतात कसे?

उत्तर (खारे पाणी): आपण चपटकृमींच्या दोन वेगळ्या गटांतील कृमी एकाच तराजूत तोलत आहात. कल्ल्यांवरचे बहुधा मोनोजेनिया गटातील असावेत. त्यांच्या मागच्या टोकाला आकडे किंवा पकडी असलेली चकती असते, म्हणून ते ओढून निघत नाहीत. यांना मधला पोशिंदा (वाढीसाठी आधी लागणारा दुसरा प्राणी) लागत नाही: अंड्यातून केसल डिंभ (अळी) बाहेर पडतो आणि त्याला थोड्याच अवधीत योग्य मासा गाठावा लागतो, नाहीतर तो मरतो. मोकळ्या पाण्यात बहुतेक डिंभांचा नेम चुकतो. पिंजऱ्यात मात्र हजारो मासे एकमेकांना खेटून असतात, आणि बेनेडेनियासारख्या कृमींची तंतू असलेली अंडी जाळ्यातच अडकून राहतात, त्यामुळे प्रत्येक नवी पिढी आयत्या पानावर बसते.

काळे ठिपके ही पर्णकृमी या दुसऱ्या गटाची करामत. क्रिप्टोकोटाइल लिंग्वा हे ठळक उदाहरण आहे: कुरव पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी किनाऱ्यावरील लिटोरिना या गोगलगाईत जातात, तिच्यातून बाहेर पडलेले डिंभ माशाच्या त्वचेत शिरून पुटी (स्वतःभोवतीचा कोश) करतात, आणि तो मासा कुरवाने खाल्ला की चक्र पूर्ण होते. काळा रंग कृमीचा नसतो. मासाच पुटीभोवती रंगद्रव्य साठवतो. या पुटी माशात वाढून संख्या वाढवत नाहीत, म्हणून थोड्या ठिपक्यांनी सशक्त माशाचे सहसा फारसे बिघडत नाही.

उत्तर (खाडीकाठ): वरील स्पष्टीकरण मान्य, पण ‘मासे वाचतात’ हे गृहीतकच मला थोडे घाईचे वाटते. आपल्या टेबलावर आले ते वाचलेले मासे. जे अशक्त झाले, त्यांना शिकाऱ्यांनी आधीच उचलले असणार. कॅलिफोर्नियाच्या खाजणांतील किलीफिश माशाच्या मेंदूवर युहॅप्लॉर्किस या पर्णकृमीच्या पुटी असतात. असे मासे पृष्ठभागाजवळ येऊन अंग झटकतात, पोटाची चमक दाखवतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पक्ष्यांनी त्यांना निरोगी माशांच्या १० ते ३० पट अधिक प्रमाणात टिपले होते.

शिवाय मोनोजेनियाही मोकळ्या पाण्यात घात करू शकतात. १९३० च्या दशकात कास्पियनमधून स्टर्जन मासे अरल समुद्रात (नावाला समुद्र, प्रत्यक्षात खारे सरोवर) सोडले गेले, त्यांच्यासोबत निट्झ्शिया हा कल्ल्यांवरील कृमी आला. स्थानिक स्टर्जनला त्याची कधीच सवय नव्हती आणि १९३६ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर मेले.

नवखा अभ्यासक: म्हणजे पिंजऱ्यात दाटी आणि अरलमध्ये अनोळखी कृमी, असे समजतो. आणखी एक: यकृतावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पांढरी अळीही दिसली. तीही चपटकृमीच का?

खारे पाणी: वर्णनावरून ती अनिसाकिससारखा गोलकृमी असावी, तो वेगळाच संघ. सुईने उलगडून पाहा: गोलकृमी दोऱ्यासारखा गोल आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. त्याऐवजी पुटी फोडल्यावर डोक्याकडून काट्यांनी भरलेल्या चार सोंडा बाहेर आल्या, तर ती ट्रायपॅनोरिंका गटातील पट्टकृमीची अळी समजावी. तिचे प्रौढ रूप शार्क आणि पाकट यांच्या पोटात सापडते. कल्ल्यांवरचे नमुने मात्र गोड्या पाण्यात टाकू नका, ते फुगून पांढुरके होतात आणि पकडींची रचना नीट दिसत नाही.