दरबारी चित्राची तैलरंगात नक्कल : पांढरी वस्त्रे कशी रंगवावीत? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी ठाण्याला नौपाड्यात राहते. जलरंगात बरीच वर्षे काम केल्यानंतर आता तैलरंग शिकते आहे आणि नकलेसाठी इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलचे १८०५ मधले पेशवे दरबाराचे चित्र घेतले आहे. टिपू सुलतानाविरुद्ध १७९० मध्ये तह झाला, त्या वेळी पेशवे सवाई माधवरावांच्या दरबारात आलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट, असा प्रसंग आहे. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. डॅनियलने ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांच्या आधारे रंगवले. पुण्यात राहून दरबारातल्या माणसांची चित्रे काढणारा हा वेल्स १७९५ मध्ये साष्टीवर, म्हणजे आमच्याच बेटावर, वारला. इतकी माणसे एका दालनात बसवूनही नजर भरकटत कशी नाही, हे मला या चित्रातून शिकायचे आहे.

संपूर्ण दरबार न घेता पेशवे आणि त्यांच्या लगतची मंडळी एवढाच भाग २४ × ३० इंचांच्या कॅनव्हासवर चौकटी आखून उतरवला आहे. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी रंगात) छायाप्रकाशाचा पहिला थरही झाला आहे. यापुढची अडचण पांढऱ्या अंगरख्यांची आहे. जलरंगात कागद कोरा राखला की पांढरे वस्त्र मिळते. येथे ते मिसळून घडवावे लागते. टायटॅनियम व्हाइटमध्ये अल्ट्रामरीन (निळा) आणि रॉ अंबर (तपकिरी) मिसळून सावलीतल्या घड्या रंगवल्या, तर त्या खडूसारख्या कोरड्या दिसतात आणि मागच्या रांगेतला माणूस पुढच्याइतकाच जवळ येतो. झिंक व्हाइट अधिक पारदर्शक असते, परंतु त्याचा थर कालांतराने ठिसूळ होऊन तडकतो, म्हणून ते वापरण्याचे धाडस होत नाही. सावलीतल्या पांढऱ्यासाठी आपण कोणते मिश्रण वापरता? की मागच्या रांगा आधी करड्या रंगातच पूर्ण करून त्यांवर पातळ झिलई (पारदर्शक रंगाचा थर) द्यावी?

दुसरा प्रश्न तेलाचा आहे आणि तो मला अधिक कठीण वाटतो. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त असावे, हा नियम मला मान्य आहे; पण जवसाचे तेल पिवळे पडते आणि नेमके वरच्या थरातच अंगरख्यांचे उजळ भाग येतात. खसखशीचे किंवा अक्रोडाचे तेल कमी पिवळे पडते, मात्र ते सावकाश वाळते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातील दमट हवेत तर कोणताही थर लवकर वाळत नाही. जूनपासून काम थांबवावे, की उजळ भागांत तेल न घालता ट्यूबमधला रंग तसाच जाड लावावा? खालचा थर पुरेसा वाळला आहे, हे आपण बोटाने स्पर्श करून ठरवता की आणखी कशावरून?

आणखी एक शंका आहे. माझ्याकडच्या दोन छापील प्रतींपैकी एक पिवळसर आणि दुसरी निळसर आहे. जुने वार्निश पिवळे पडते, हे लक्षात घेता मी छापाचा रंग न पाळता फक्त छटांची गडद-फिकट उतरंड पाळावी, असे माझे मत झाले आहे. ज्यांनी मूळ चित्र प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांनी अंगरख्यांचा पांढरा रंग उबदार आहे की थंड, एवढे सांगितले तरी फार मदत होईल.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात युरोपीय तैलचित्रे आहेत. तेथे चित्रासमोर बसून पेन्सिलीने रेखाटन करू देतात का, आणि त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते का, हेही अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे.