सतत वाजवल्याने सीडी झिजते का?

प्रश्न:
माझ्या दिवंगत आजोबांच्या नारदीय कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आम्ही २००६ साली कॅसेटवरून कोऱ्या सीडीवर उतरवून घेतले होते. आमच्या कोकणातील गावच्या देवळात उत्सवाचे नऊ दिवस ती पहाटेपासून रात्रीपर्यंत, संपली की पुन्हा पहिल्यापासून, अशी वाजत असते. गेल्या वर्षापासून उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या उत्तरार्धात, आवाज अडखळू लागला आहे. मूळ कॅसेट आता उरलेली नाही. ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणे सीडीही वाजवून वाजवून झिजते का?

उत्तर १:
नाही. ग्रामोफोनची सुई खाचेत घासत जाते. सीडीला मात्र वाचताना कशाचाही स्पर्श होत नाही. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटमधून आत जातो आणि परावर्तित होऊन परत येतो. वाचताना तबकडीवर पडणारी त्याची शक्ती एक मिलिवॉटपेक्षाही कमी असते, त्यामुळे नऊ दिवसच काय, अनेक वर्षे वाजवूनही त्या प्रकाशाने ती खराब होण्याचे कारण नाही.

उत्तर २:
वरील उत्तर योग्य आहे, परंतु आपली सीडी कारखान्यात छापलेली नसून घरी लिहिलेली आहे, हा भेद महत्त्वाचा आहे. अशा सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर ऊन, उष्णता व दमट हवा यांनी हळूहळू बिघडतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे आपला उत्तररंग बाहेरच्या कडेजवळ आहे; बोटांचे ठसे, ओरखडे आणि कडेतून शिरणारा ओलावा यांचा त्रास सर्वांत आधी तिथेच होतो. सीडी कुठे ठेवली जाते? वरच्या बाजूस कागद चिकटवला आहे का? त्या बाजूला परावर्तक थरावर केवळ लाखेचा पातळ लेप असतो, म्हणून चिकटवलेला कागद कृपया सोलू नये.

प्रश्नकर्ता:
कागद चिकटवलेला आहे, आणि उत्सवानंतर सीडी देवळाच्या खिडकीतच राहते.

उत्तर ३:
मग मला खिडकीचाच संशय अधिक येतो. तथापि दीर्घकाळ चालल्याने प्लेअर नक्कीच झिजतो. त्याची मोटर आणि लेझर थकतात, भिंगावर धूपाचा धूर व धूळ बसते, आणि मग चांगली सीडीही अडखळते. म्हणून आधी सीडी मऊ, स्वच्छ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये, कारण माहितीच्या गोलाकार मार्गाच्या दिशेने पडलेला ओरखडा त्रुटिसुधारणेला, म्हणजे न वाचता आलेली माहिती भरून काढण्याच्या व्यवस्थेला, अधिक जड जातो. त्यानंतर संगणकावर, त्रुटी सापडल्यास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या प्रणालीने, कमी वेगात तिची प्रत काढावी. एका ड्राइव्हने साथ दिली नाही तर दुसरा वापरून पाहावा. प्रत एमपी३ मध्ये न ठेवता असंकुचित ठेवावी, निदान दोन ठिकाणी, आणि देवळात यापुढे पेनड्राइव्ह लावावा.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा मी अत्यंत ऋणी आहे. पहिल्या ड्राइव्हला जमले नाही, दुसऱ्याने संपूर्ण कीर्तन उतरवले; उत्तररंगात केवळ दोन ठिकाणी क्षणभर खंड पडतो, पण आजोबांची भैरवी अखंड मिळाली आहे.