मदत हवी आहे: जोडताऱ्याची वस्तुमानं उलटी छापलीत का? (परवा सबमिशन!)

कावलेली_सांगलीकर
नमस्कार, घाईत लिहितेय. टी.वाय.चा प्रोजेक्ट, परवा सबमिशन. पोस्टरवर एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन्ही ताऱ्यांची वस्तुमानं (सूर्याच्या पटीत) दिलीत, मोठ्याचं ०.७० आणि छोट्याचं ३.१७. गाईड सरांनी ०.७० भोवती लाल पेनने गोल केला, शेजारी दोन प्रश्नचिन्हं काढली आणि म्हणाले, "उलटं छापलंय, दुरुस्त करून आणा." पोस्टर फ्लेक्सवर छापून झालंय, आणि लाल पेन फ्लेक्सवरून निघत नाही हेही आजच कळलं. मी तीन ठिकाणी बघितलं, आकडे तेच आहेत. मग चूक कुणाची? दुकान रात्री नऊला बंद होतं. लवकर सांगा.

दुर्बीणवाला
कोणता तारा?

गुऱ्हाळ
काय ओ ताई, ताऱ्याचं नाव तरी टाका की. आमच्या गावात तीस घरं पाटलांची हायत. नुसतं "पाटलाचं घर कुठं" म्हणून विचारलं तर कोण दावणार?

स्वरमंडल_रसिक
वर्णनावरून हा नक्की बीटा लायरी. अभिजितच्या खाली स्वरमंडलाचा जो छोटा समांतरभुज चौकोन दिसतो, त्याच्या एका कोपऱ्यावरचा. तिथेही हलका तारा जड ताऱ्याला वस्तुमान देतोय. देणारा सूर्याच्या साधारण ३ पट, घेणारा १३ पट. घेणाऱ्याभोवती वायूची इतकी जाड तबकडी आहे की तो स्वतः जवळजवळ झाकला गेलाय. आवर्तनकाळ, म्हणजे एकमेकांभोवती एक फेरी, १२.९४ दिवस आणि तो दरवर्षी १९ सेकंदांनी वाढतोय. मी गेली अकरा वर्षं नुसत्या डोळ्यांनी नोंदी ठेवतोय, वही आहे, हवी तर फोटो टाकतो.

कावलेली_सांगलीकर
अल्गॉल!!! पोस्टरचं शीर्षकच अल्गॉल आहे.

गुऱ्हाळ
पोस्टर तुमच्या खोलीत हाय ताई, आम्ही कवठेमहांकाळात.

निवृत्त_मास्तर
सर्वप्रथम, मराठी वाचकांसाठी पोस्टर असेल तर ययाती तारकासमूह असा उल्लेख हवा. शेजारी देवयानी आणि शर्मिष्ठा, असं आख्खं कुटुंब तिथे बसलेलं आहे. अल्गॉलला आपल्याकडे मायावती असंही म्हणतात. मूळ नाव अरबी, रास अल् घूल, म्हणजे राक्षसाचं डोकं. तो ठरावीक काळाने मंद होतो हे १७८३ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकने मांडलं. त्या वेळी तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता, आणि लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. एखादा काळा पिंड मधे येत असावा, हेही त्यानेच सुचवलं. एकविसाव्या वर्षी वारला. पोस्टरवर त्याचा एक चौकोन जरूर टाका.

कावलेली_सांगलीकर
सर, गुडरिकचा चौकोन आहे. आकडे बरोबर की चूक?

दुर्बीणवाला
"मोठा" म्हणजे काय? आकाराने मोठा की वस्तुमानाने? सगळी गोम तिथे आहे.

कावलेली_सांगलीकर
आकाराने. त्रिज्या पण दिल्यात ना (सूर्याच्या पटीत), ३.१७ वाल्याची २.७३ आणि ०.७० वाल्याची ३.४८. अच्छा, त्या इथे लिहिल्या नाहीत. सॉरी.

दुर्बीणवाला
मग आकडे बरोबर आहेत. ३.१७ वाला तारा जड, तापलेला (साधारण १३,००० केल्विन), अजून मुख्य श्रेणीवर, म्हणजे पोटात हायड्रोजन जाळत सुखाने बसलेला. ०.७० वाला हलका, थंड (४,५०० च्या आसपास), पण फुगलेला, म्हणजे वयस्क. सरांना वाटलं, जड तारा आधी म्हातारा व्हायला हवा. एकट्या ताऱ्यापुरतं ते खरंच आहे. म्हणूनच अल्गॉलच्या या भानगडीला कोडं म्हणतात.

माणगंगा
अगदी. ढोबळ हिशोब मांडून सरांच्या हातात द्या. सूर्याचं मुख्य श्रेणीवरचं आयुष्य साधारण १० अब्ज वर्षं. आयुष्य वस्तुमानाच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात धरलं तर ०.७० वाला एकटा असता तर साधारण २४ अब्ज वर्षं जगला असता. विश्वाचं वय १३.८ अब्ज. म्हणजे तो आज म्हातारा असूच शकत नाही. उलट ३.१७ वाला ५५-५६ कोटी वर्षांतच फुगायला लागायला हवा. म्हणजे आज दिसणारी वस्तुमानं जन्माची नव्हेत. मधे देवाणघेवाण झालीय.

कावलेली_सांगलीकर
म्हणजे हलका आधी जड होता? मग किती जड? सर हेच विचारणार.

माणगंगा
दोन्हींची बेरीज ३.८७. बाहेर काही सांडलं नाही असं धरलं, तर आधीचा जड तारा निम्म्याहून, म्हणजे १.९४ हून जास्त असायलाच हवा. नेमका किती ते या बेरजेवरून निघत नाही.

काटेकोर
"बाहेर काही सांडलं नाही" हे कुणी ठरवलं? अशा जोड्यांतून वस्तुमान आणि कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) दोन्ही बाहेर जाऊ शकतात. पोस्टरवर १.९४ छापलं तर मी परीक्षक असतो तर मार्क कापले असते.

माणगंगा
म्हणूनच "असं धरलं तर" लिहिलंय. आणि बाहेर गेलं असेल तर सुरुवातीची बेरीज आणखी मोठी, म्हणजे किमान आकडा वरच सरकतो, खाली नाही. एवढा काटेकोरपणा असेल तर तेवढं तरी मान्य करा.

काटेकोर
मान्य. पण पोस्टरवर "किमान" शब्द हवा.

कृष्णाकाठ
सगळे आकड्यांत अडकलेत, वस्तुमान जातं कसं ते कुणी सांगितलंच नाही. कृष्णेचं उदाहरण घ्या. महाबळेश्वरच्या माथ्यावर पाऊस पडतो. धारेच्या या अंगाला पडलेला थेंब कृष्णेतून वाई, कराड, सांगली करत बंगालच्या उपसागराला जातो. दोन हात पलीकडे पडलेला सावित्रीतून अरबी समुद्राला. थेंब तोच, डोंगर तोच, फक्त धार कुठल्या बाजूला उतरते यावर सगळं.

दोन ताऱ्यांमधेही अशीच एक धार असते, गुरुत्वाची. प्रत्येकाच्या भोवती एक हद्द, ती ओलांडेपर्यंत वायू आपल्याच ताऱ्याचा. दोन्ही हद्दी मिळून डमरूसारखा आकार होतो, त्यातल्या प्रत्येक हद्दीला रोश लोब म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच गणितीच्या नावावरून. डमरूची कंबर म्हणजे डोंगरातली खिंड. तारा म्हातारपणी फुगला, हद्द भरली, की वायू आधी खिंडीतूनच पलीकडे उतरणार. धरण भरलं की पाणी भिंतीवरून नाही, सांडव्यावरून जातं, तसं. फक्त डमरू स्वतः गरगर फिरतोय, म्हणून धार सरळ न पडता वळून जाते. अल्गॉलमधे दोघं इतके जवळ आहेत की ती थेट दुसऱ्या ताऱ्याच्या अंगावर आदळते.

गुऱ्हाळ
सांडव्यावरून आठवलं. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांवर पाणी आलं तेव्हा कुणाची हद्द भरली होती? कोयनेनं सोडलं का अलमट्टीनं अडवलं?

कृष्णाकाठ
दादा, त्याचा वेगळा धागा काढा. मी तिकडे येतो, पण इथे नको.

निवृत्त_मास्तर
धोक्याची पातळी ४५ फूट आहे हे लक्षात घेतलं तर गुऱ्हाळ यांचा प्रश्न गैरलागू नाही. शेरीनाला आणि नदीपात्रातली बांधकामंही मोजायला हवीत.

दुर्बीणवाला
मास्तर, पोरीचं परवा सबमिशन आहे.

पवनचक्की
एवढा काथ्याकूट कशाला? ताई, सरळ ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या आणि चाळकेवाडीच्या पठारावर या. पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात तेवढा त्रास, बाकी आकाश झकास. मी भोर घाटातून, कासजवळून, सगळीकडून बघितलंय, चाळकेवाडीसारखं नाही. सांगलीतून येणार असाल तर मिरजेजवळ दंडोबाही वाईट नाही.

दुर्बीणवाला
अल्गॉल नुसत्या डोळ्यांनी दिसतो, २.१ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). मंद होतो तेव्हा ३.४. दुर्बीण कशाला? आणि दुर्बिणीतून बघितलं तरी दोन तारे वेगळे दिसणार नाहीत.

पवनचक्की
दुर्बीण असलेली कधीही चांगली. उद्या शनी बघायला उपयोगी पडेल.

कावलेली_सांगलीकर
अपडेट. माणगंगांचा हिशोब सरांना फोनवर सांगितला. ते म्हणाले, "कल्पना बरी आहे, पण मग अर्धवट अवस्थेतले जोडतारे का दिसत नाहीत? सगळे देऊन मोकळे झालेलेच कसे सापडतात?" आता याचं काय सांगू? साडेसात वाजलेत.

स्वरमंडल_रसिक
मी सकाळपासून तेच सांगतोय! बीटा लायरी!

माणगंगा
रसिक, या वेळी तुम्ही बरोबर आहात, पण कारणही सांगा.

जड तारा हलक्याला देतो तेव्हा दोघांमधलं अंतर कमी होत जातं (कोनीय संवेग तेवढाच राहतो म्हणून). अंतर कमी झालं की हद्दही आकसते, म्हणजे आधीच भरून वाहणारं भांडं आणखी लहान होतं आणि धार वाढते. दोघांची वस्तुमानं सारखी होईपर्यंत हे चालतं, आणि खगोलाच्या मानाने चटकन उरकतं. एकदा देणारा हलका झाला की उलटं. अंतर वाढायला लागतं, धार मंदावते आणि मग फार दीर्घकाळ थेंब थेंब चालू राहतं. आपण आकाशात बघतो तेव्हा जे दीर्घकाळ टिकतं तेच जास्त सापडणार. लग्नाच्या हॉलमधे कधीही डोकावा, जेवणारेच जास्त दिसतात. अक्षता टाकण्याचा क्षण नेमका सापडणं कठीण, तसं.

स्वरमंडल_रसिक
आणि बीटा लायरी म्हणजे अक्षता पडून जेमतेम मिनिट झालंय. वजनं उलटली आहेत, पण धार अजून जोरात. साधारण ५०,००० वर्षांत एका सूर्याएवढं वस्तुमान जाईल या वेगाने. आवर्तनकाळ वाढतोय तो याचमुळे. बीटा लायरीचं तेज कमी-जास्त होतं हेही गुडरिकनेच १७८४ मध्ये टिपलं, तेव्हापासून आवर्तनकाळ तासाभराहून जास्त लांबलाय. सरांना सांगा, मधली अवस्था दिसते, फक्त बघणारा पाहिजे.

काटेकोर
"५०,००० वर्षांत" हा दर आजचा आहे. तो कायम राहणार नाही.

स्वरमंडल_रसिक
"या वेगाने" हे दोन शब्द वाचलेत का?

उत्तर_मुकुट
वस्तुमान-देवाणघेवाणच बघायची तर टी कोरोनी बोरिअॅलिस बघा की. तांबडा राक्षसी तारा श्वेतखुजावर (इंधन संपलेल्या छोट्या, घट्ट ताऱ्यावर) माल टाकतोय. एरवी दहाव्या प्रतीचा, डोळ्यांना दिसतही नाही. पण १८६६ आणि १९४६ मध्ये स्फोट होऊन ध्रुवताऱ्याच्या तोडीचा झाला होता. २०२४ मध्ये पुन्हा होईल असा अंदाज होता, म्हणून वर्षभर मी रोज मान वर करून बसलो, घरचे विचारत होते मानेला काय झालं.

काटेकोर
प्रश्न अल्गॉलचा आहे.

उत्तर_मुकुट
धाग्यावर पूर चालतो, दुर्बीण चालते, माझाच तारा चालत नाही होय?

दुर्बीणवाला
कावलेली, व्यवहाराचं बोलतो. फ्लेक्स परत छापू नका. तक्त्यात मथळे बदला. "मोठा-छोटा" काढून "जड (तरुण)" आणि "हलका (फुगलेला)" लिहा. मूळ घोटाळा त्या दोन शब्दांचा. पांढऱ्या स्टिकर कागदावर झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा आणि वरून चिकटवा. लाल गोल त्याखाली झाकला जाईल.

कावलेली_सांगलीकर
हे कुणी आधीच का नाही सांगितलं?

गुऱ्हाळ
तुम्ही आधी ताऱ्याचं नाव कुठं सांगितलं होतं?

कावलेली_सांगलीकर
(दुसऱ्या दिवशी) झालं. विश्रामबागेत एक झेरॉक्स सेंटर उघडं सापडलं. तीन स्टिकर लावले. एक वाकडा बसला, ०.७० चा शून्य अर्धा लाल आणि अर्धा काळा दिसतोय. डमरूची आकृती हाताने काढली, मार्कर पसरला, पण खिंड कळतेय. सर बघून म्हणाले, "आता ठीक." मग पाच मिनिटं तक्त्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तिसराही तारा आहे ना तिथे?" आहे का?

दुर्बीणवाला
आहे. सूर्याच्या पावणेदोन पट, या दोघांभोवती ६८० दिवसांत एक फेरी. पण तो लांब आहे, या देवाणघेवाणीत त्याचा हात नाही.

कावलेली_सांगलीकर
स्टिकर संपलेत.